पॅकवरची तारीख बरोबर होती
फोंडा तालुक्यातल्या एका छोट्या रुग्णालयातील निर्जंतुक साहित्याच्या साठवणुकीचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे रुग्णालय २५ खाटांचं. चालवणारं जोडपं डॉक्टर आहे: ते जनरल सर्जन, मॅडम स्त्रीरोगतज्ज्ञ. भूलतज्ज्ञ मडगावहून येतात. हर्निया, अपेंडिक्स, गर्भाशयाच्या शस्त्रक्रिया, सिझेरियन इथेच होतात. गुंतागुंतीचं काही असलं की बांबोळीच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात पाठवतात. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. घटनाक्रम आणि तांत्रिक बाजू जशी होती तशीच ठेवली आहे. तपासणीच्या टप्प्यावर मला बोलावलं होतं, त्यामुळे त्याआधीचं जे लिहिलंय ते रजिस्टर, फोनवरचे फोटो आणि तिथल्या लोकांनी सांगितलेलं यांवरून.

इमारत जुनी, चिऱ्याची. वरचा मजला नंतर चढवलेला. ओटी, म्हणजे शस्त्रक्रियागृह, वरच्या मजल्यावर आणि तिला लागूनच पश्चिमेच्या बाजूला निर्जंतुक साहित्याची खोली. कागदोपत्री तिचं नाव सीएसएसडी, म्हणजे निर्जंतुक साहित्य पुरवणारा मध्यवर्ती विभाग. प्रत्यक्षात दहा बाय आठची खोली, तीन स्टीलची कपाटं, एक उघडा रॅक, एक एसी. चिऱ्याची भिंत पाऊस पिते हे गोव्यात कुणाला सांगावं लागत नाही. घराच्या पश्चिमेला पूर्वी झावळ्यांची झड बांधायचे, आता निळं प्लॅस्टिक बांधतात. या रुग्णालयानंही बाहेरून प्लॅस्टिक बांधलं होतं, पण खालच्या मजल्यापुरतंच. वरच्या मजल्याला सज्जा आहे, म्हणून तिथे गरज वाटली नव्हती.

वाफेची यंत्रं दोन. एक आडवा ऑटोक्लेव्ह, ज्यात शेवटी सुकवण्याचा टप्पा आहे; दुसरा उभा, लहान, प्रेशर कुकरच्या जातीचा, ज्यात तो नाही. आडव्यावर १२१ अंशांना, म्हणजे ओटीतल्या भाषेत ‘पंधरा पौंडांवर’, ३० मिनिटं आणि पुढे सुकवणं. तापणं, वाफ सोडणं धरून एका फेरीला दोन तासांच्या आसपास लागतात. जनरेटर आहे, पण आडवा ऑटोक्लेव्ह त्याच्यावर चालत नाही.

नियम साधा होता: कापडी पॅकवर, म्हणजे शस्त्रक्रियेचं साहित्य कापडात बांधून केलेल्या गाठोड्यावर, तारीख टाकायची, सात दिवस झाले की पुन्हा निर्जंतुक करायचा. दर सोमवारी कपाटं रिकामी करून ‘जुने’ पॅक परत यंत्रात जायचे. हा नियम कुणी केला, कधी केला, कुणालाच आठवत नव्हतं. आधीच्या इन्चार्ज सिस्टरांच्या काळापासून चालत आलेला.

काय दिसलं

जुलैचा तिसरा आठवडा. पाऊस चार दिवस थांबला नव्हता. गोव्याची वार्षिक सरासरी ३,००० मिलिमीटरच्या आसपास आणि त्यातला मोठा हिस्सा एकट्या जुलैत पडतो. असे दिवस म्हणजे काही आक्रीत नव्हे. ओटीची यादी मात्र नेहमीपेक्षा भरलेली होती, कारण चवथीआधी टाके सुकले पाहिजेत असा रुग्णांचा आग्रह असतो. घरात गणपती बसायचा आणि बाईनं खाटेवर पडून राहायचं, हे कुणाला परवडत नाही.

संध्याकाळी सातच्या सुमारास इन्चार्ज सिस्टर दुसऱ्या दिवशीचे सेट काढायला गेल्या. मधल्या कपाटातला पोट उघडण्याच्या शस्त्रक्रियेचा मोठा पॅक हातात घेतला तर मागची बाजू गार आणि ओलसर लागली. उलटून पाहिला तर तळहाताएवढा डाग. शेजारच्या दोन पॅकवरही तसेच. खालच्या फळीवर कागद-प्लॅस्टिकच्या पाऊचमधल्या सुट्या कात्र्या-चिमटे होते; त्यातल्या काही पाऊचच्या कागदावर पाण्याची कड उमटून सुकलेली. एका ड्रेसिंग ड्रमच्या, म्हणजे ड्रेसिंगचं कापड ठेवायच्या भोकांच्या डब्याच्या, आतल्या कापडावर काळे ठिपके होते.

तिन्ही पॅकांवरची टेप काळी पडली होती. तारीख तीन दिवसांपूर्वीची. म्हणजे रजिस्टरच्या हिशोबानं सगळं व्यवस्थित.

टेपचं इथे सांगायला हवं. इंडिकेटर टेपवरच्या रेघा काळ्या होतात त्याचा अर्थ एवढाच की हा पॅक वाफेतून जाऊन आला. आत वाफ पुरेशी पोचली का, ते ती सांगत नाही. नंतर पॅक भिजला का, हे तर तिला कळणंच शक्य नाही. कोरडं वेष्टन जंतूंना अडवतं. ते ओलं झालं की पाण्याबरोबर बाहेरचे जंतू धाग्यांमधून आत जाऊ शकतात, म्हणून ओला पॅक निर्जंतुक धरायचाच नाही, मग तो नंतर सुकला तरी. सुकलेला डाग तर जास्त फसवा, कारण हाताला काही लागत नाही.

पहिला निर्णय: तीन पॅक की सगळं कपाट

सिस्टरांनी डॉक्टरांना वर बोलावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन शस्त्रक्रिया ठरलेल्या, एक हर्निया आणि एक गर्भाशय काढण्याची. प्रसूती कक्षात एक बाई कळांत होती, पहिलटकरीण, म्हणजे रात्रीत सिझेरियनची वेळ येऊ शकत होती. मोठे-लहान धरून कपाटांत ४२ पॅक होते.

डॉक्टरांचं पहिलं म्हणणं होतं, डाग दिसतात ते बाजूला काढा, बाकीचे वापरा. यात अगदीच तथ्य नव्हतं असं नाही. समोरच्या कपाटातले पॅक हाताला कोरडे होते आणि रात्रीत ४२ पॅक आडव्या यंत्रातून काढणं अशक्यच होतं. सिस्टरांचं उत्तर मला नंतर दोघांनीही जवळपास सारख्याच शब्दांत सांगितलं: “डॉक्टर, डाग दिसला तो आज. काल भिजून आज सुकलेला कुठला, ते मी कसं सांगू?”

पर्याय असे होते. डागाळलेले तीनच काढायचे. किंवा त्या कपाटातलं सगळं बाद करून इतर दोन कपाटांवर भिस्त ठेवायची. किंवा सगळंच बाद धरायचं, तातडीचे सेट आधी काढायचे आणि ठरलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलायच्या. शेजारच्या रुग्णालयाकडून पॅक उसने आणायचा विचारही निघाला. तो सोडून दिला: भर पावसात स्कूटरवरून येणाऱ्या पॅकवर भरवसा ठेवायचा, तर आपल्या कपाटातल्या पॅकनं काय घोडं मारलं होतं?

तासाभरानं तिसरा पर्याय ठरला, आणि तो मॅडमनी ठरवला. सिझेरियनचे दोन सेट आधी काढायचे, पूर्ण सुकवून, घाई न करता. मग एक अपेंडिक्सचा. सकाळच्या दोन्ही शस्त्रक्रिया दोन दिवस पुढे. ड्रेपसाठी, म्हणजे शस्त्रक्रियेच्या वेळी रुग्णावर पसरायच्या निर्जंतुक कापडांसाठी, फोंड्यातल्या डीलरकडून कंपनीची, सीलबंद, एकदाच वापरायची किट मागवली. ती रात्री नऊला आली, प्लॅस्टिकच्या झाकणाच्या डब्यातून. यामुळे यंत्रावरचा कापडाचा बोजा निम्म्यानं उतरला. त्या रात्रीतली सगळ्यात उपयोगी कल्पना हीच होती असं मला वाटतं, आणि ती स्टोअर सांभाळणाऱ्या मुलाची होती.

सिझेरियन पहाटे साडेचारला झालं. तोवर दोन्ही सेट गार होऊन तयार होते.

ओल आली कुठून

दोन दिवसांनी मी गेले तेव्हा सगळ्यांचा संशय यंत्रावर होता. कंपनीच्या माणसाला बोलावणं गेलं होतं. आधी बीजाणूंची चाचणी केली: जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस या उष्णतेला चिवट जिवाणूचे बीजाणू पॅकच्या मधोमध ठेवून फेरी चालवायची आणि नंतर ते वाढतात का पाहायचं. वाढले नाहीत. यंत्र जंतू मारत होतं.

मग बाद ठरवलेले पॅक एकेक उघडून पाहिले. पॅक यंत्रातूनच ओला निघाला असेल तर ओल आत असते, घडीच्या मधे, स्टीलच्या वाडग्याच्या खोलगट भागात. साठवणीत भिजला असेल तर ओल बाहेरून आत गेलेली असते आणि ज्या बाजूनं पाणी लागलं तिथेच जास्त असते. बहुतेक पॅक आतून कोरडे होते. डाग भिंतीकडच्या बाजूला किंवा फळीला टेकलेल्या बुडाला. काही पॅक आणि तो ठिपक्यांचा ड्रम मात्र आतून दमट निघाले. म्हणजे कारणं दोन होती, आणि एकाच वेळी कामाला लागली होती.

पहिलं कारण खोलीचं. वीजबिल वाचावं म्हणून रात्री आठला एसी बंद व्हायचा, सकाळी आठला चालू. दिवसभर खोली २२ अंशांवर, कपाटांचं स्टीलही तेवढंच गार. एसी बंद झाला की वरच्या झडपेच्या खिडकीतून आणि दाराच्या फटीतून बाहेरची हवा आत. पावसाळी रात्री ती हवा २६ अंशांची आणि ९० टक्क्यांहून अधिक आर्द्र असते. अशी हवा २४-२५ अंशांच्या खालच्या कुठल्याही पृष्ठभागावर पाणी सोडणार. फ्रिजमधून काढलेल्या बाटलीला घाम फुटतो तसा रोज रात्री कपाटाला आतून घाम फुटत होता आणि सकाळी एसी चालू झाल्यावर तो सुकत होता. त्यात मधलं कपाट पश्चिमेच्या भिंतीला चिकटून ठेवलेलं. भिंतीला हात लावला तर पाणी लागत होतं. सज्जा होता, पण पाऊस तिरका येतो.

ओल जाणवत नव्हती असंही नाही. मावशींनी कपाटात ६० वॉटचा पिवळा बल्ब लावला होता, घराघरांत कपड्यांच्या कपाटात लावतात तसा. वरच्या फळीपुरता तो चालायचा. खालच्या फळ्यांवर मात्र काहीच फरक नाही, उलट ऊब आणि गारवा यांच्या मधल्या पॅकांवर ओल जास्त धरायची. डांबराच्या गोळ्या ठेवायचं मनात होतं, तेवढं सिस्टरांनी रोखलं होतं हे नशीब.

आणखी एक भर. जूनमध्ये धूळ नको म्हणून पॅकांना पॉलिथिनच्या पिशव्या चढवायला सुरुवात झाली होती. धूळझाकण घालणं चुकीचं नाही, पण पॅक पूर्ण गार आणि कोरडा झाल्यावरच. इथे यंत्रातून निघालेला कोमट पॅक थेट पिशवीत जायचा. आतली वाफ बाहेर पडायला वाटच नाही. पिशवीच्या आतल्या बाजूला थेंब जमून परत कापडावर.

दुसरं कारण मात्र त्या सोमवारच्या नियमात सापडलं, आणि या प्रकरणाचा मुद्दा मला तिथेच दिसतो.

सात दिवस झाले म्हणून न वापरलेले, चांगले कोरडे पॅक दर सोमवारी यंत्रात परत जात होते. त्यामुळे सोमवार-मंगळवार यंत्राला उसंत नाही. त्यात चवथीआधीची यादी, त्यात वीज जाणं. फेरी उरकायची म्हणून सुकवण्याचा टप्पा ३० मिनिटांवरून दहावर आला होता. कुणी तसा हुकूम दिला नव्हता, होता होता झालं. तेवढ्यानंही भागेना तेव्हा कापडाचे ड्रम उभ्या ऑटोक्लेव्हमध्ये जाऊ लागले, ज्यात सुकवण्याची सोयच नाही. पॅक ठासून भरलेले: आमच्याकडे मोजला तो सर्वांत मोठा आठ किलोंच्या वर भरला. कापडी पॅकची जुनी, सर्वमान्य मर्यादा ३० × ३० × ५० सेंटिमीटर आणि साधारण साडेपाच किलोंची आहे.

शिवाय पुन्हा निर्जंतुक करण्याआधी कापड धुवावं लागतं. एकदा वाफेतून निघालेल्या धाग्यांत ओलाव्याचं प्रमाण घटलेलं असतं. न धुता तेच परत घातलं तर वाफेचं काम नीट होत नाही आणि कापडही लवकर विरतं. पावसात धुतलेलं सुकत नाही, म्हणून धुणं टळत होतं. मावशींना विचारलं तर त्या चिडल्या. “पॅसेजात पंखा लावून सुकवते मी. दोन दिवस लागतात. सोमवारचं सोमवारी पाहिजे तर ओलं घालू की न धुता घालू, तुम्हीच सांगा.” दोन्ही होत होतं.

थोडक्यात, तारीख पाळण्यासाठी जे काम वाढवलं, त्या कामानंच पॅक ओले होत होते. निर्जंतुकपणा कॅलेंडर बघून जात नाही. पॅक भिजला, फाटला, खाली पडला, दाबला गेला, टेप सुटली, चार हातांतून फिरला, तर तो जातो. यातलं काहीच झालं नसेल तर आठव्या दिवशी सकाळी त्यात अचानक जंतू उगवत नाहीत. जगभरात गेली काही दशकं साठवणुकीचा विचार असाच, घटनांच्या आधारे होतो. इथे मात्र नजर तारखेवर होती, आणि टेप सुटणं ही घटना जूनपासून घडत असूनही तिच्यावर दुसरी टेप किंवा रबरबँड लावून काम चालू होतं. दमट हवेत टेपचा गोंद सुटतो. बॉलपेननं लिहिलेल्या तारखा फिसकटत होत्या, त्या पुन्हा गिरवल्या जात होत्या.

कंपनीचा माल

डॉक्टरांना सगळ्यात जास्त लागलं ते हे. टाक्यांचे धागे, कॅथेटर, कॅन्युला, हातमोजे असा बाहेरून आलेला निर्जंतुक माल त्याच खोलीत, कार्डबोर्डच्या खोक्यांसकट जमिनीवर ठेवला होता. खालच्या खोक्यांचे तळ ओले. त्यातला बराचसा माल इथिलीन ऑक्साइड वायूनं निर्जंतुक केलेला, एकदाच वापरायचा. रुग्णालयाच्या वाफेत तो परत घालता येत नाही. “एकदा ऑटोक्लेव्हला लावून बघू या का?” हा प्रश्न निघालाच. कॅथेटर वाकडे होतील आणि निर्जंतुक झाल्याची हमी कुणीच देणार नाही.

छाटणी वेष्टन पाहून केली. ज्या वस्तूच्या कागदी बाजूला ओल किंवा पाण्याची कड होती ती बाद, कंपनीची मुदत दोन वर्षांनंतरची असली तरी. हातमोज्यांची ओली पाकिटं बाद. विरघळणाऱ्या धाग्यांचं जरा वेगळं असतं: पॉलिग्लॅक्टिनसारखा धागा पाण्यानंच विघटित होतो, म्हणून तो आत ओल न शिरणाऱ्या फॉइलमध्ये असतो. खोका ओला असला तरी सुटं बाह्य पाकीट कोरडं, सील शाबूत आणि फॉइल अखंड असेल ते ठेवलं. बाह्य पाकीटच भिजलेलं असेल तर टाकलं, कारण निर्जंतुक टेबलावर पडते ती फॉइल बाहेरूनही निर्जंतुक असावी लागते आणि ती हमी त्या पाकिटाचीच असते.

नुकसान झालं. डीलर बदलून देईल अशी आशा होती. त्यानं नकार दिला, आणि ‘कोरड्या जागी ठेवावे’ असं खोक्यावर छापलेलं असताना तो दुसरं काय करणार?

खरं तर वाहतुकीची खोकी या खोलीत यायलाच नको होती. गोदाम, टेम्पो, बंदर असा प्रवास करून ती येतात. धूळ, किडे, बुरशी सगळं घेऊन. माल बाहेरच्या खोलीत खोक्यातून काढायचा आणि आतली लहान पाकिटं तेवढी आत न्यायची, ही पद्धत आहे.

रुग्णांना सांगायचं का

आधीच्या आठवडाभरात त्या कपाटातले पॅक वापरून किती शस्त्रक्रिया झाल्या? यादीवरून नऊ. कोणत्या रुग्णाला कोणता पॅक, हे मात्र सांगता येईना. पॅकवर फक्त तारीख होती, यंत्राच्या फेरीचा क्रमांक नव्हता, आणि पॅकवरची चिठ्ठी केसपेपरला चिकटवायची पद्धत नव्हती.

डॉक्टरांचं मत, काही झालेलं नसताना उगाच घाबरवू नये. मॅडमचं मत, बोलावून जखम तरी पाहिलीच पाहिजे. शस्त्रक्रियेच्या जागेचा संसर्ग ३० दिवसांपर्यंत दिसू शकतो. शरीरात जाळी किंवा तत्सम काही बसवलं असेल तर ९० दिवसांपर्यंत लक्ष ठेवतात. नऊ जणांत हर्नियाची जाळी बसवलेले दोघं होते.

शेवटी सगळ्यांना फोन करून तपासणीला बोलावलं, पैसे न घेता. कारण म्हणून ‘पावसाळ्यातली नेहमीची तपासणी’ असं सांगितलं; ज्यांनी खोदून विचारलं त्यांना खरं सांगितलं. मला हे अर्धवट वाटलं आणि तसं मी बोललेही. ज्यानं विचारलं नाही त्याला ताप आला तर तो कुणाला फोन करणार, हे त्याला आधी कळायला हवं होतं. फोंड्यासारख्या ठिकाणी बातमी फार दिवस लपतही नाही. डॉक्टरांची भीती मला समजते, पण निर्णय पटला नाही.

नऊपैकी एकीच्या टाक्यातून थोडा स्राव आला. तो तपासायला पाठवला, ड्रेसिंग केलं, जखम भरली. जाळीवाल्या दोघांना तीन महिने पाहिलं, काही निघालं नाही. यावरून ‘पॅक चांगलेच होते’ किंवा ‘त्या बाईला पॅकमुळेच झालं’ यातलं काहीच सिद्ध होत नाही. नऊ हा आकडा फार लहान आहे आणि एखादा टाका ओला होणं एरवीही घडतं.

टिकाऊ उपाय: काय तोललं, काय केलं

पहिली सूचना आली ती एसी चोवीस तास चालू ठेवण्याची. त्यानं रात्रीचा घाम थांबला असता, पण भिंत तशीच राहिली असती, आणि वीज गेली की पुन्हा तेच. दुसरी, ओलावा शोषणारं यंत्र घेण्याची. ते उपयोगी असतं. मात्र त्याच्या पाण्याचा डबा त्याच खोलीत भरत राहणार आणि कुणीतरी तो ओतायला विसरणार, म्हणून नळीनं पाणी थेट बाहेर सोडता येत असेल तरच. तिसरी सूचना भिंतीला बाहेरून जलरोधक लेप. जुलैत ते होणार नव्हतं.

चौथी सूचना खोली बदलण्याची. ओटीच्या पलीकडे, मधल्या पॅसेजात, बाहेरची एकही भिंत नसलेली खोली होती आणि तिच्यात जुने केसपेपर ठेवले होते. इमारतीतली सर्वांत कोरडी जागा कागदांना! डॉक्टर अडून बसले, कारण केसपेपर कायद्यानं जपायचे असतात. ते खरंच आहे. दोन आठवडे त्यावर घासाघीस होऊन शेवटी केसपेपर तळमजल्यावर गेले. (हल्ली त्यांना वास येतो म्हणतात.)

नव्या खोलीत उघडे तारेचे रॅक घेतले, बंद स्टीलची कपाटं नाहीत, म्हणजे हवा खेळते आणि फळीवर पाणी साठत नाही. सगळ्यात खालची फळी भरीव ठेवली, फरशी पुसताना पाणी उडू नये म्हणून. जमिनीपासून २०-२५ सेंटिमीटर, छतापासून ४५, भिंतीपासून निदान ५ सेंटिमीटर अंतर. तापमान २४ अंशांच्या आत आणि आर्द्रता ७० टक्क्यांच्या आत, ही मर्यादा दारावर लिहिली. एसी सतत आणि त्याला जनरेटरची जोड. साधा डिजिटल आर्द्रतामापक हजार रुपयांच्या आत येतो. त्याचं वाचन सकाळ-संध्याकाळ वहीत. ७०च्या वर गेलं तर काय करायचं हेही त्याच पानावर: आधी दार-खिडकी पाहायची, मग सिस्टरांना फोन, आणि चार तासांत खाली आलं नाही तर प्रत्येक पॅक हातानं तपासायचा. नुसतं वाचन लिहून ठेवणाऱ्या वह्या मी पुष्कळ पाहिल्या आहेत.

सोमवारचा नियम काढायला सर्वांत जास्त वेळ लागला. सिस्टर स्वतः तयार नव्हत्या, आणि त्यांचं कारण ऐकण्यासारखं होतं: “तारीख असली की नवी मुलगीसुद्धा चुकत नाही. घटना बघायची म्हटलं की प्रत्येकीचे डोळे वेगळे.” म्हणून मधला मार्ग निघाला. मोठ्या पॅकांसाठी न विणलेल्या कापडाची वेष्टनं आणली. ती सुती कापडापेक्षा ओल आणि धूळ जास्त रोखतात. त्यांना वरची मर्यादा ३० दिवस. सुती पॅक कमी केले आणि त्यांचे सात दिवस तसेच ठेवले. पण दोन्हींना एकच अट: वापरण्याआधी पॅक उजेडात सर्व बाजूंनी बघायचा, आणि भिजलेला, डागाळलेला, फाटलेला, टेप सुटलेला किंवा जमिनीवर पडलेला असेल तर तारीख न बघता बाद. घटनेचा निकष पूर्णपणे स्वीकारला असं मी म्हणणार नाही. पण सोमवारचा ढीग निम्म्याहून कमी झाला आणि सुकवण्याची ३० मिनिटं परत आली. माझ्या मते सगळ्या बदलांत मोठा बदल हाच.

बाकी किरकोळ: पॅक यंत्रातून काढल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत त्याच ट्रॉलीवर, हात न लावता ठेवायचा; गार स्टीलच्या टेबलावर ठेवायचा नाही. धूळपिशवी त्यानंतर. पॅक यंत्रात उभे, सैल, वाडगे तिरपे. पाऊच कागदाला प्लॅस्टिक अशा क्रमानं, उभे. जुना माल पुढे, नवा मागे. प्रत्येक पॅकवर फेरीचा क्रमांक, आणि ती चिठ्ठी केसपेपरवर.

पुढचा पावसाळा

पुढच्या जून ते सप्टेंबरात ओले पॅक सापडले, पण मोजके आणि लगेच, ट्रॉलीवरच. फेरी क्रमांक असल्यामुळे एका वेळी सगळी फेरी परत घेता आली; त्यातून कळलं की त्या दिवशी सुकवताना वीज गेली होती. एकदा जनरेटरची जोड निघाली आणि रात्रीत आर्द्रता ८०वर गेली. वहीत ते होतं, फोनही झाला, पॅक तपासले गेले. दोन बाद झाले.

मावशींना कापड सुकवायला ड्रायर मिळाला.

वेगळं काय करता आलं असतं

जूनमध्ये टेप सुटू लागली तेव्हाच प्रश्न विचारायला हवा होता. तीन वेगवेगळ्या मुलींनी रबरबँड लावले, आणि तिघींनाही वाटलं टेप हलकी आली. त्या आठवड्यात आर्द्रतामापक असता तर महिनाभर आधी कळलं असतं.

पहिल्या रात्रीचा निर्णय बरोबर होता, पण तो मॅडम हजर होत्या म्हणून झाला. ओले पॅक दिसले तर शस्त्रक्रिया थांबवण्याचा अधिकार इन्चार्ज सिस्टरांना लेखी द्या, असं मी सुचवलं होतं. डॉक्टर “अर्थातच, त्यांना कोण अडवतंय” म्हणाले. लेखी अजून दिलेलं नाही.

ड्रेसिंग रूममध्ये ड्रम अजून वापरात आहेत. त्यांची भोकं यंत्रात घालताना उघडायची आणि काढल्याबरोबर बंद करायची असतात, शिवाय सरकपट्टी जुनी झाली की ती नीट बसत नाही. एका वेळच्या ड्रेसिंगचे छोटे पॅक करणं हा त्यावरचा उपाय. तो खर्चात अडकला आहे. आणि पश्चिमेच्या भिंतीला लेप लावायचं काम दोन उन्हाळे पुढे गेलं, कारण त्या खोलीत आता निर्जंतुक काही नाही. तिथे सलाइनच्या बाटल्या आणि हातमोज्यांची खोकी ठेवायला सुरुवात झाली आहे.